व्हरांड्यातली साक्ष

आबाजी, जय भीम.

तुम्ही जाऊन चाळीस वर्षं झाली अन् आता तुमच्या विहिरीच्या खटल्याची सिरियल बनून राहिली. कोर्टाचा सेट मीच उभा केला. तुमचं काम एका गोऱ्या पोराले दिलं. रोज त्याले काळा रंग फासतात अन् पिंजऱ्यात उभा करतात.

मी डायरेक्टरले सांगतलं, "माह्या आबाजीले कोर्टात घेतलंच नव्हतं. ते व्हरांड्यातून बोलत, चपराशी आत सांगे."

ते म्हणाले, "बाहेरचा माणूस फ्रेममध्ये कसा बसणार?"

आज त्या पोरानं तोंड उघडलं, अन् आवाज प्लायवूडच्या भिंतीमागून आला, "हाजिर आहो, साहेब." मागं जाऊन पाहिलं, कोणीच नव्हतं.

उद्या मी त्या भिंतीत दार कापतो. चपराशाची वाट नका पाहू, आबाजी. सरळ आत या.

तुमचा नातू,
अंकुश सुतारकामवाला