मध्यापर्यंत ठीक

प्रिय डिम्फ्ना,

रविवारी जेवायला बोलावलंस तेव्हा काम असल्याचं सांगितलं. ते खोटं होतं.

माझ्याकडे येताना कोल्मनची गाडी पुलाचा कठडा तोडून नदीत गेली, त्याच्या तीन आठवडे आधी त्या पुलाची पाहणी आमच्या काउंटीतर्फे मीच केली होती. कठड्याचे दगड सुटलेले मला दिसले होते. पण ते मध्यरेषेपलीकडे, तुमच्या काउंटीत होते आणि नियमाने माझी पाहणी मध्यापर्यंतच. मी वहीत लिहिलं, ‘मध्यापर्यंत ठीक.’ पलीकडे साधा फोनही केला नाही. आळस होता की नियमाची सवय, हे मला अजून ठरवता येत नाही.

तो चिडवायचा, “ताई, मी बरोबर मध्यावर बुडालो तर कुठली काउंटी बाहेर काढेल गं?”

“दोघीही तुला परत नदीत टाकतील!” मी म्हणायचे.

पुलाच्या मध्यावर डांबर बदलतं, तसा चाकांचा आवाजही. तो आवाज आता मला स्वयंपाकघरात ऐकू येतो.

दफनाच्या वेळी तू माझा हात धरलास. म्हणालीस, “तू पाहिलं असतंस तर गप्प बसली नसतीस.”

हे पत्र तुझ्या दारात टाकायला दोनदा चालत निघाले. दोन्ही वेळा मध्यापर्यंत आले.

तुझी नणंद,
फिडेल्मा