रिकाम्या तलावाचं गिऱ्हाईक

साडूभाऊंना मोठ्या साडूचा मनापासून नमस्कार.

आपला टाइमशेअरचा आठवडा घ्यायला गिऱ्हाईक मिळालं आहे. बातमी पक्की आहे. तुमच्या मेव्हणीने, म्हणजे आमच्या हिने, कालच तिला दुजोरा दिला. तुमचा गुडघा कसा आहे, चष्म्याचं दुकान कसं चाललंय आणि तुमच्या सौभाग्यवतींचा माझ्यावरचा राग उतरला का, ते कळवावं. (माझा रक्तदाब बरा होता. खालील प्रकारानंतर मोजलेला नाही.)

फुकटच्या जेवणापायी आपण दोघं त्या हॉटेलात गेलो आणि गोड पदार्थ पानात पडायच्या आत सह्या करून बसलो, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. रिसॉर्टवर दोन खोल्या, दरवर्षी एक ठरलेला आठवडा, मालकी दोघांची. तो आठवडा नेमका पोहण्याचा तलाव उपसून घासण्याचा निघाला. उभी हयात विमा कंपनीत लोकांचे खोटे दावे पकडण्यात घालवलेल्या माणसाला हे कळलं कसं नाही, याचं हिला अजून नवल वाटतं. (तुम्हीही हसू नका. जगाची नजर तपासता आणि बारीक अक्षर न वाचता सही करता.) तेव्हापासून आपण चौघं त्या कोरड्या खड्ड्याभोवती खुर्च्या टाकून बसतो आणि फरशी घासणाऱ्यांना बघतो. यंदा ते जमणार नाही. लेकीचं बाळंतपण त्याच आठवड्यात आहे. पैसे भरलेला आठवडा वाया घालवणं माझ्याने होणार नाही, हे हिला ठाऊक आहे. म्हणून तिने निक्षून सांगितलं की आठवडा विका आणि लेकीकडे चला, नाहीतर एकटे जाऊन खड्डा बघा.

जाहिरात दिली. पहिले दोघं फोनवर नुसते हसले. हसणाऱ्याचं मन स्वच्छ असतं, ते मला पटलं. तिसरा हसला नाही. तो बेकरीवाला. घासाघीस नाही, खोल्यांचे फोटो नकोत, एकच प्रश्न: ‘‘त्या आठवड्यात तलाव नक्की रिकामा असतो ना?’’ असतो म्हटलं. ‘‘थेंबसुद्धा नाही?’’ नाही म्हटलं. ‘‘मग घेतला समजा.’’

आता मला सांगा, शहाण्या माणसाला रिकाम्या तलावाशी काय कर्तव्य? एक तर त्याला तिथे काही पुरायचं असेल. नाहीतर तिथे काही पुरलेलं आहे हे त्याला कळलं असेल. किंवा तिथून मोठा रस्ता जाणार असेल, आणि हे सगळ्यात वाईट, कारण मग आपण पुन्हा ठकलो. ज्याला कुणी विचारत नाही ते विकावं, ज्याला मागणी आहे ते का विकावं? हे हिच्यापुढे मांडलं तर म्हणाली, ‘‘मग विकायचं कधी, तेवढं सांगा.’’ मी चपला घातल्या आणि चौकशीला बाहेर पडलो.

बेकरीसमोर शिंप्याचं दुकान आहे. तिथे बसायला निमित्त हवं, म्हणून पँटची शिवण ब्लेडने उसवून नेली. शिंप्याचा हात चलाख, बघता बघता शिवून दिली. दुसऱ्या दिवशी दुसरी उसवावी लागली. दिसलं ते असं की बेकरीवाला वजन झाल्यावर वर एक बिस्कीट जास्तच टाकतो. मापात पाप न करणारा दुकानदार दिसला की मला धडकी भरते. तिसऱ्या खेपेला तो रस्ता ओलांडून आला. ‘‘काका, काही हवंय, की नुसतंच बघताय?’’

‘‘पाव ताजा आहे का?’’ मी विचारलं.

‘‘आत येऊन बघा. कालपासून मीही तुम्हालाच बघतोय.’’

घरी आलो तर ही म्हणते, तिने पहिल्याच दिवशी फोन करून त्याला सरळ विचारलं होतं. त्याचे वडील ऐन तरुणपणी पट्टीचे पोहणारे. आता डॉक्टरांनी पाण्यात उतरणं बंद केलंय, पण पाणी दिसलं की म्हातारा कपड्यांसकट सूर मारतो. म्हणून घरातलं कुणी सुट्टीला कुठे जाऊ शकलेलं नाही. ‘‘विचारलं, त्याने सांगितलं,’’ ही म्हणाली. (पढवलेला माणूसही अगदी असंच सांगेल, हे मी मनात ठेवलं.) असो. व्यवहार ठरल्यात जमा आहे. मुलांना आशीर्वाद, आणि आपल्यातला लोभ पातळ होऊ देऊ नये.

तुमचा,
मोठा साडू

ता. क. ‘ठरल्यात जमा’ म्हणजे एक अडचण आहे. शिंप्याने तिन्ही खेपांची हकीकत बेकरीवाल्याला सांगितली. आता त्यालाच माझा संशय येतो. विकणारा माणूस असा का वागतो, विकतोय त्यात काही काळंबेरं आहे का, असं त्याने हिला विचारलं. दुसऱ्या मालकाने समोर येऊन माझी हमी दिली तरच तो घेणार. तेव्हा रविवारी सकाळी या आणि मी सरळ माणूस आहे एवढंच सांगा. जास्त खोलात शिरू नका.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच बेकरीवाल्याच्या वडिलांचा फोन आला. रविवारी तेही येताहेत. आवाज खणखणीत आहे. तलाव किती खोल आहे, असं विचारत होते. मी खोली सांगितली; पाण्याचं त्यांनी विचारलं नाही, मीही काढलं नाही. रविवारी ते पाण्याचंही विचारणार, आणि मुलगा शेजारीच बसलेला असणार. उत्तर तुम्हीच द्यायचं आहे, माझ्या शब्दावर सध्या कुणाचा विश्वास नाही.