सिन्योर फुरलानचं बुधवारचं पान

सोमवार, १ सप्टेंबर २०२५

सिन्योर फुरलान आज एकोणीसशे छप्पनमध्येच अडकून बसले. त्यांचं जहाज मेलबर्नच्या धक्क्याला लागलं ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत लागतच होतं! मी त्यांच्या आठवणी टाइप करतेय आणि हे आमचे मालक माझ्या खुर्चीमागे उभे राहून बोटाने स्क्रीन पुसतायत. वय अठ्ठ्याऐंशी, चष्मा खिशात, आणि डाग म्हणे माझ्या स्क्रीनवर.

ऑक्टोबरच्या दोन तारखेला आमच्या ‘ला बांकीना’ साप्ताहिकाला साठ वर्षं होतील. त्या अंकात मालकांचं चरित्र येणार, चार पानं, त्यांच्याच तोंडून. एकोणिसाव्या वर्षी इटलीहून आले, लोकांच्या घरी गुडघ्यांवर बसून मोझॅकच्या फरशा घासून गुळगुळीत केल्या, मग स्वतःचा फरशीचा कारखाना काढला, आणि मग इथल्या इटालियन लोकांसाठी हे साप्ताहिक. “निम्मं मेलबर्न माझ्या फरशीवर चालतं” हे वाक्य तीनदा आलं. मी एकदाच ठेवलं. “मी एकट्याने” किती वेळा आलं ते विचारायलाच नको.

बुधवार, ३ सप्टेंबर

आज नेहमीप्रमाणे मृत्यूचं पान.

नऊ वर्षांत हा रिवाज एकदाही चुकलेला मी पाहिला नाही. अंक गुरुवारी निघतो. बुधवारी दुपारी मी निधनवार्तांच्या पानाचं प्रूफ काढते, सिन्योर कोट चढवतात, आणि उभं राहून प्रत्येक वार्ता मोठ्याने वाचतात. नाव, वय, गाव, मागे कोण कोण राहिलं. आम्हीही उभं राहायचं. आम्ही म्हणजे मी आणि त्यांची मुलगी लोरेदाना, जी आता सगळं ऑफिस चालवते. शेवटी कोपऱ्यात त्यांची सही, की पान छपाईला.

“ही माणसं पेपरात पहिल्यांदा येतात ती मेल्यावर. कुणीतरी त्यांचं नाव मोठ्याने घ्यायला नको?” असं ते मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते. माणूस हेकट आहे, बढाईखोर आहे. पण बुधवारी मला आवडतो. तोंडावर सांगणार नाही.

गुरुवार, ४ सप्टेंबर

खास अंकासाठी पहिल्या अंकाचा फोटो हवा होता, म्हणून मागच्या खोलीतल्या जुन्या फायली काढल्या. शिंकून शिंकून जीव गेला. पहिल्या अंकावर नावाखाली दोन संस्थापक: एत्तोरे आणि ब्रूनो फुरलान! चौऱ्याहत्तर सालापर्यंत दोघं आहेत. मग एका आठवड्यापासून एकच.

लोरेदानाला विचारलं. ती दरवाजा लावून म्हणाली, “माझा काका. पपांचं त्याच्याशी भांडण झालं, घराच्या वाटणीवरून. प्लीज पॉलीन, पपांसमोर विषय काढू नकोस.”

म्हणजे भाऊबंदकी. मला वाटायचं ती आमच्या वसईचीच मक्तेदारी. फाईल होती तिथे ठेवली.

मंगळवार, ९ सप्टेंबर



दुपारी काउंटरवर एक बाई आली. पन्नाशीची, नर्सच्या गणवेशात. निधनवार्ता द्यायची होती. मी नाव विचारलं. नीव्हेस फुरलान. मग वार्ता वाचली— ब्रूनो फुरलान, वय चौऱ्याऐंशी, छापखान्यात खिळे जुळवणारा. पुढे तारीख नाही. कोरी जागा.

“बाबा अजून आहेत,” ती म्हणाली. थॉमसटाउनच्या एज्ड केअर वृद्धाश्रमात, ऑक्सिजनवर. डॉक्टर म्हणतात दोन आठवडे, फार तर तीन. वार्ता त्यांनी स्वतः लिहिली, फोटोही स्वतः निवडला. यात नवल काही नाही. इथले म्हातारे असं करून ठेवतात, माझ्या ड्रॉवरमध्ये आताही चार वार्ता तारखेची वाट बघत पडल्या आहेत. पण ही शेवटची ओळ: “मागे मुलगी नीव्हेस, आणि भाऊ एत्तोरे, ज्याने ही बातमी याच पानावर वाचायची आहे.”

ती म्हणाली, “काका बुधवारी मोठ्याने वाचतो, सगळ्यांना माहीत आहे. बाबांना तेच हवंय. त्याआधी तू त्याला काही सांगायचं नाहीस. वचन दे.”

दिलं. माझी जीभ माझ्या आधी का धावते!

बुधवार, १० सप्टेंबर

अकरा वार्ता. सिन्योर खणखणीत वाचत होते. मी सगळा वेळ त्यांच्या बुटांकडे बघत उभी.

शनिवार, १३ सप्टेंबर

जेकबला सांगून टाकलं. नवऱ्याला सांगणं वचनात धरत नाहीत.

ग्लेन मॉलच्या पार्किंगमध्ये, गाडी बंद करून तो म्हणाला, “पॉली, डोन्ट गेट इन्व्हॉल्व्ड. त्यांची फॅमिली, त्यांचं मॅटर. तुझं वय शेहेचाळीस, प्रिंट ले-आउटचा जॉब परत कुठे मिळणारे? ड्रॉवर उघड, वार्ता ठेव, ड्रॉवर बंद कर.”

बरोबर आहे त्याचं. मागच्या सीटवरून ऋतिका म्हणाली, “मम, जस्ट टेल हिम.” सतरा वर्षांच्या मुलींना सगळं सोपं असतं.

पण मला पप्पा आठवत राहिले. विहिरीच्या पाण्यावरून मोठ्या काकांशी एकोणीस वर्षं बोलले नाहीत. काका गेले तेव्हा आमच्या घरी कुणी निरोप दिला नाही. पप्पांना कळलं वसईच्या होळी बाजारात, वांगी घेताना. वांगी तिथेच टाकून धावले. तोवर माती झाली होती. त्यानंतर आईचं एक ठरलं: मरणाचा निरोप भांडण असेल त्या घरी आधी द्यायचा. दोनदा ती स्वतः चालत गेली निरोप घेऊन, शिव्या खाऊन आली. पप्पांनी पुन्हा कधी वांगं खाल्लं नाही.

सोमवार, १५ सप्टेंबर

वाईट दिवस.

सकाळी टायपिंग. सिन्योर त्र्याहत्तर सालावरून थेट पंचाहत्तरवर गेले. मी म्हटलं, “आणि चौऱ्याहत्तर?” ते खिडकीकडे बघत म्हणाले, “चौऱ्याहत्तर साली काही झालं नाही. लिही पुढे.”

जेवणाच्या वेळी लोरेदानाला गाठलं. नीव्हेसला दिलेलं वचन फक्त सिन्योरना न सांगण्याचं होतं, अशी मनाची समजूत घातली. तिने ऐकलं, सँडविच खाली ठेवलं. “दोन ऑक्टोबरनंतर. पपांच्या हृदयाची झडप बदललीय, तुला माहितेय. हे त्यांना झेपणार नाही.” मी म्हटलं, दोन ऑक्टोबरपर्यंत काका राहणार नाहीत. त्यावर तिने अगदी शांतपणे सांगितलं, “तू सांगितलंस तर तू इथे राहणार नाहीस.”

ती वाईट नाही. बापाला जपतेय. पण मला रागच आला, खरं सांगते, दिवसभर उतरला नाही.

मंगळवार, १६ सप्टेंबर

नीव्हेसचा फोन. वार्तेतल्या गावाच्या नावात दुरुस्ती. बोलता बोलता म्हणाली, बाबांनी जेवण सोडलंय. रोज एकच विचारतात, आज बुधवार का?

भाऊ गाडीने वीस मिनिटांवर, आणि हा मरून त्याला गाठायला बघतोय. कसला हा हट्ट! आणि मी त्यात टपाल्यासारखी गप्प बसायचं?

मी सांगणार नाही असं वचन दिलंय. पान लावणार नाही असं कुठे म्हटलंय.

बुधवार, १७ सप्टेंबर

लावलं. सहा वार्ता आणि सगळ्यात खाली ब्रूनो, तारखेची जागा कोरी.

सिन्योरनी कोट चढवला. सहा नावं वाचली. मग सातवं सुरू केलं आणि आवाज थांबला नाही, हेच मला विसरता येत नाही. “ब्रूनो फुरलान. चौऱ्याऐंशी. खिळे जुळवणारा.” गाव वाचलं, त्यांचंच गाव. मुलगी वाचली. “आणि भाऊ—”

तिथे थांबले. उरलेली ओळ मनात वाचली असावी, ओठ हलले.

“तारीख राहिलीय,” म्हणाले.

“अजून ठरलेली नाही, सिन्योर.”

ते बसले. बुधवारी त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग, “कुठे?” मी पत्ता सांगितला. लोरेदानाने त्यांच्या हातातून पान ओढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “घरी जा, पॉलीन. आम्ही फोन करू तुला.”  सिन्योरनी माझी बाजू घेतली नाही, रागावलेही नाहीत. सही तेवढी केली नाही.



गुरुवार, १८ सप्टेंबर

अंक विकत आणला. सहाच वार्ता.

नीव्हेसला कुणाकडून तरी कळलं. फोनवर ओरडली नाही, तेच जास्त लागलं. “त्यांची शेवटची एकच इच्छा होती. तू कोण लागून गेलीस?” खरंच कोण? ना इकडची राहिले ना तिकडची. नोकरी गेल्यात जमा, आणि म्हातारा गेलाच नाही भावाकडे तर मी नक्की काय केलं?

जेकब “मी म्हटलं होतं” असं म्हणाला नाही. भांडी घासली.

शनिवार, २० सप्टेंबर

कुणाचा फोन नाही.

सोमवार, २२ सप्टेंबर

आला! आठ वाजता, लोरेदानाचा. आवाज दगडासारखा. “पपांना जायचंय. मी नको म्हणतायत. तू गाडी घेऊन ये.”

सिन्योर टाय लावून फाटकात उभे होते. थॉमसटाउनला पोचलो. तिथे पार्किंगमध्ये चाळीस मिनिटं बसून राहिले, सीटबेल्ट न सोडता. मी दोनदा म्हटलं, परत जाऊ या का? दुसऱ्यांदा म्हटल्यावर उतरले.

ब्रूनो पलंगावर टेकून बसलेला, नाकात नळी, चेहरा दाढी केलेला. हुबेहूब सिन्योर, फक्त हवा काढून घेतलेले. सिन्योर पायथ्याशी उभे राहिले. ब्रूनोने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, “लवकर आलास.”

मग त्याने नीव्हेसकडे कागद-पेन्सिल मागितली आणि आम्हा दोघींना बाहेर काढलं. दोन तास! आम्ही कॉरिडॉरमध्ये एकमेकींकडे न बघता बसलो. शेवटी तिने मला चहा आणून दिला. साखर न विचारता घातलेली. मी प्यायले.

परतताना बेल स्ट्रीटच्या सिग्नलला सिन्योर म्हणाले, “त्याला सगळं पाठ आहे. इतकी वर्षं झाली, सगळं पाठ आहे.” मला वाटलं, लहानपणचं काहीतरी. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी रेडिओ लावला.

गुरुवार, २५ सप्टेंबर

परत कामावर. लोरेदानाने “गुड मॉर्निंग” म्हटलं, तेवढंच. सिन्योर रोज टॅक्सीने थॉमसटाउनला जातायत. काल बुधवारचं वाचन करून तडक तिकडेच गेले. ब्रूनो सूप घेतो आता.

जेकब मला सेंट पॉलीन म्हणतोय. म्हणू दे. आज मला माझा अभिमान वाटतो. घराच्या वाटणीवरून पन्नास वर्षं तुटलेले दोन भाऊ मी एका खोलीत बसवले! आईला फोन केला, तिने दोनदा सांगायला लावलं.

मंगळवार, ३० सप्टेंबर

काय चाललंय कळत नाही. चरित्र रद्द. चारही पानं. दोन दिवसांवर अंक! केबिनमध्ये लोरेदाना रडत रडत भांडतेय, “वकील” हा शब्द दहादा ऐकला. “पपा, सगळं जाईल. तुमचं नाव जाईल.” 

बाहेर आले तेव्हा हातात दोन कागद होते, ब्रूनोच्या त्या पेन्सिलीने लिहिलेले. “उद्या देईन. पहिलं पान रिकामं ठेव.” ब्रूनोचं नाव संस्थापक म्हणून परत लावणार असतील. त्यासाठी एवढं रडायचं?

बुधवार, १ ऑक्टोबर

पान छपाईला गेलं. सिन्योरनी उभं राहून वाचलं, सही केली.

अकरा पुरुषांची नावं. वयं चौतीस, एकेचाळीस, अडतीस, एकोणतीस. सगळे त्यांच्या कारखान्यात फरशा घासणारे, सगळे फुप्फुसात दगडाची धूळ साचून मेलेले. तेव्हा आपल्याच पेपरात छापलं होतं “अल्पशा आजाराने”. चौऱ्याहत्तर साली ब्रूनोने हीच यादी खिळ्यांनी जुळवली होती. मोठ्या भावाने छपाईआधीच पान मोडलं आणि त्याला बाहेर काढलं. ब्रूनोही आधी तिथेच फरशा घासायचा, धूळ त्याच्याही फुप्फुसात. बारावं नाव त्याचं, पुढे “अजून जिवंत”.

खाली सिन्योरच्या अक्षरातली एक ओळ, मी जशी होती तशी लावली: “कारखाना माझा होता आणि मला तेव्हाच माहीत होतं. एत्तोरे फुरलान.”