दोन बोटं माया

प्रिय गिरजा,

उद्या तुझं वर्षश्राद्ध. वत्सला दोन दिवस आधीच गोरेगावहून आली आहे. आज जेवणं झाल्यावर तिनं तुझी ट्रंक ओसरीवर ओढली, कुणाला काय द्यायचं ते वेगळं काढायला. लुगडी निघाली, चोळ्या निघाल्या, अन् तळाशी ती गंजी निघाली. मी तुझ्यासाठी शिवलेली. तू गेल्यावर न बघताच मी ती ट्रंकेत टाकली होती. वत्सलानं ती उलटी करून पाहिली आणि म्हणाली, "बाबा, ही पट्टी कोणी जोडली? सुई अजून तशीच हाय इथं."

तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. जे तुझ्या तोंडावर सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही, म्हणून आता कागद घेऊन बसलो आहे. चौथीपर्यंतचं माझं अक्षर. तू लावून घे.

तुझी छाती धरली तेव्हा कळमनुरीच्या हकिमांनी औषध दिलं, दूध सांगितलं, खारका सांगितल्या. तरी तुझं अंग उतरतच गेलं. चोळीची गाठ छातीवर दाबायची, शिवणी बरगड्यांना काचायच्या. गाठ सोडून तू दिवसभर पदर धरून बसायचीस. ते मला बघवेना. लढाईमुळं तेव्हा धड कापड मिळत नव्हतं. बाजारात एका दुकानदारानं गंजीचं कापड पुढं केलं. विणीचं, मऊ, ओढलं की ताणणारं. तेच घेऊन आलो.

किती हसलीस गं तू! "मला गंजी? आता काय तालमीत धाडता व्हय मला?"

"समोरून उघडी शिवू. बंद लावू."

"शिवू म्हणं! जन्मभर पोती शिवली तुमी. मी काय ज्वारीचं पोतं हाय?"

अर्ध्या गावाच्या चोळ्या तुझ्या हातच्या. पण त्या दिवसांत सुई तुझ्या बोटांत ठरत नव्हती. मग तू खाटेवरून सांगायचं आणि मी खाली बसून शिवायचं, असं ठरलं. मी दार लोटून बसायचो, तरी शेजारच्या सरूबाईनं पाहिलंच. "दाजी, माझं बी एक झंपर टाका की शिवायला!" गावभर झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तू कुठली ऐकतेस! खाटेवरूनच ओरडलीस, "तुझ्या घरच्याला सुईत दोरा तरी ओवता येतो का, इचार आधी!" आणि मग कितीतरी वेळ खोकत राहिलीस.

पहिली खेप फसली. तुझी जुनी चोळी वर ठेवून कोळशानं रेघ मारली आणि तशीच कापली. अंगात घातलीस तर खांद्यावरून घसरली. तू म्हणालीस, "हे कापड अंगाबराबर ताणतं. मापापेक्षा कमीच धरावं लागतं." मग बाजूनं आत घेतली. पण माझा हात पोत्याचा! दोरा करकचून ओढलेला. केस सारखे करायला तू हात वर केलास आणि बगलेत तट्‌कन टाका तुटला.

"टाका ओढू नका," तू म्हणालीस. "कापड ताणलं तर दोऱ्यानं बी ताणावं की न्हाई? सैल सोडा. जीव घेता का त्याचा?"

आणि मग म्हणालीस, "राहिलेलं कापड कापू नका. आत माया ठेवा. दोन दोन बोटं. अंग भरलं की उसवून सोडता येईल."

शिवणीच्या आत ठेवलेल्या जादा कापडाला माया म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं तू माझ्यासमोर चोळ्या शिवल्यास, मी कधी विचारलं होतं?

पोळ्यानंतर एकदा ती गंजी आत घेतली. दसऱ्याला पुन्हा घेतली. दर वेळी अंगात घालताना तू विचारायचीस, "माया हाय ना आत?" मी म्हणायचो, "हाय." एवढ्या बोलण्यावर तुझा तो दिवस बरा जायचा.

संक्रांतीला तिसऱ्यांदा आत घेतली. आता आतली घडी जाड झाली होती. बगलेखाली कातडी लाल झाली. एका दुपारी धुतलेली गंजी वाळली होती आणि तुझा डोळा लागला होता. मी कात्री घेतली आणि दोन्ही बाजूंची माया कापून टाकली.

काचत होती म्हणून कापली, असं मी सरूबाईला सांगितलं. देवापुढंही तेच सांगितलं. गिरजा, खरं सांगू का? काचत होती हे खरं. पण घडी उलगडून सपाट टाचता आली असती, आणि हे मला तेव्हाही ठाऊक होतं. हे कापड सोडायची वेळ आता येणार नाही, असं माझ्या मनानं धरलं होतं. रोज सकाळी महादेवाला बेल वाहून तुझं बरं होणं मागत होतो, आणि त्याच हातानं मी माया कापली!

उठल्यावर तू गंजी घातलीस. शिवणीवरून नुसतं बोट फिरवलंस. चोळ्या शिवणाऱ्या बाईचं बोट ते!

"माया कापली व्हय तुमी?"

"काचत होती गं."

तू बंद बांधलेस. मग म्हणालीस, "बरं केलं. पट्ट्या कुठं हायत?"

विणीच्या कापडाच्या त्या पट्ट्या कापल्याबरोबर सुतळीसारख्या वळून जमिनीवर पडल्या होत्या. "फेकू नका. द्या इकडं," म्हणालीस. मला वाटलं, समई पुसायला हव्या असतील. तू त्या उशाखाली घातल्यास.

त्यानंतर तू पंधरा दिवस होतीस. माया आहे का, हे पुन्हा एकदाही विचारलं नाहीस.

आज पाहतो तर डाव्या बाजूला ती पट्टी परत जोडायला घेतलेली. सात टाके आहेत. पहिले दोन तिळाएवढे, तुझे नेहमीचे. पुढचे एक लांब, एक आखूड. सातवा पट्टी सोडून भलतीकडंच गेला आहे, आणि तिथं गंजलेली सुई. उजवीकडची पट्टी गंजीच्याच घडीत ठेवलेली. कधी घातलेस गं हे टाके? धुतलेली गंजी तुझ्या उशाशी ठेवून मी शेतात जायचो, तेव्हा? पाण्याचा पेला धरवत नव्हता त्या हातांनी?

मग बोलली का नाहीस? माझ्यावर ओरडायचं होतंस! मीच बसून पट्टी जोडली असती. "बरं केलं" काहून म्हणालीस? तुला जगायचं होतं, गिरजा. आणि मी तुझ्या उशाशी बसून, तुझ्या आधीच तुझी आशा सोडून दिली होती.

"रडता काहून, बाबा?" वत्सला म्हणाली. "आईनंच जोडली असल ना?"

मी तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ त्या सात टाक्यांवरून बोट फिरवत राहिली, अगदी तुझ्यासारखं. मग गंजीची घडी घालून माझ्या मांडीवर ठेवली. "ही कुणाला द्यायची न्हाई," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी महादेवाला जाऊन आलो. मागायला काही सुचलं नाही. नुसता उभा राहिलो.

उद्या पान वाढून झालं, कावळा शिवला, की मी ओसरीवर बसणार आहे. दार लोटणार नाही. सरूबाईला काय म्हणायचं ते म्हणू दे. तुझे सात टाके उसवणार नाही, वाकडा सातवासुद्धा नाही. आठव्यापासून पुढं मी शिवतो. डावी बाजू झाली की उजवी. दोन्हीकडं दोन दोन बोटं माया परत लावून देतो.

आणि टाका ओढणार नाही, गिरजा. सैल सोडीन.

माझं नाव तू कधी घेतलं नाहीस, म्हणून इथंही लिहीत नाही.

तुझाच,
वत्सलाचा बाप