काचेवरची तारीख

३ फेब्रुवारी

चि. छोटू यास ताईचे अनेक आशीर्वाद.

नगराध्यक्षांना छोटू म्हटलेलं चालतं ना? तळमजल्यावरचे घड्याळजी म्हणतात, आता पाकिटावर तीन ओळींची पदवी घालायला हवी. मी म्हटलं, आर्किटेक्ट होण्याआधी हा आमच्या जिन्याची मापं घेत फिरायचा आणि फितीचं दुसरं टोक मी धरायचे.

नवीन वर्षात शेजारी तुझ्या नव्या कचेरीचा खड्डा खणायला घेतलाय. नकाशाही तूच काढलास म्हणे. पण तेव्हापासून माझ्या शिलाई मशीनमागच्या भिंतीला भेग पडली आहे. तू शिकवलं होतंस तशी भेगेवर आडवी काचपट्टी चिकटवून काल तिच्यावर तारीख घातली. काच तडकली की भिंत हलते आहे असं समजायचं, बरोबर ना? वरच्या नर्सबाईंची आई अंथरुणाला खिळलेली. तिला उचलून कुठे नेणार? अठरा बिऱ्हाडं आहेत रे. जरा लक्ष घाल.

तुझी ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र साहाय्यकाला हात लावू न देता स्वतः फोडलं. शिष्यीण हुशार निघाली! आता एक कर. दुरुस्तीच्या यादीत सहा महिन्यांहून जुनीच भेग धरतात, तसा नियम आहे. काचेवरची तारीख पुसून गेल्या जुलैची घाल आणि भेग तेव्हापासून आहे, असं दोन ओळींत सहीनिशी लिहून पाठव. बाकी माझ्यावर सोड. तुझं अक्षर इतकं नेटकं, कोण शंका घेणार? डोळ्यांत थेंब वेळेवर घालत जा. लोभ आहेच, थोडा वाढव.

तुझा छोटू

१४ फेब्रुवारी

चि. छोटू यास आशीर्वाद.

तारीख पुसली, जुलैची घातली. खोटं लिहायला मन घेत नव्हतं, पण सांगणारा तू होतास. सही केलेला कागद सोबत आहे. काल काच तडकली. सगळ्यांना सांगितलंय, घाबरू नका, माझा भाऊ बसलाय तिथे.

तुझी ताई

२ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

नोटीस पाहून रागावली असशील. इमारत धोक्याची आहे हे तर खरंच ना? आठ दिवसांत रिकामी करावीच लागेल. भेग खड्ड्यामुळे पडली असं ठरलं असतं, तर पालिकेला अठरा घरं द्यावी लागली असती आणि कचेरीचं काम थांबलं असतं. आयुष्यभर लोकांच्या हौशीची घरं काढली, ताई. ही एक कचेरी माझी आहे.

तुझ्यासाठी पूर्वेच्या खिडकीची खोली तयार आहे. हिने पडदेही लावलेत. मशीन मात्र आणू नकोस, हिला आवाज सोसत नाही. लोभ होता तसाच ठेव.

तुझा छोटू

मा. नगराध्यक्ष यांस स. न. वि. वि.

तुम्ही नोटिशीला माझ्या कागदाची प्रत जोडलीत. ती जिन्यात डकवली आहे. घड्याळजींनी ती वाचली आणि दुरुस्तीला घेतलेलं माझं घड्याळ उघडं तसंच उंबऱ्यावर ठेवून गेले. नर्सबाईंच्या आईला खुर्चीत बसवून खाली उतरवलं. मी हात लावायला गेले, तर म्हातारीने तोंड फिरवलं.

खरं सांगायला तुमच्या कचेरीत गेले होते. तिथल्या कारकुनाने कागद दाखवून, सही तुमचीच ना, एवढंच विचारलं. मी हो म्हणाले.

तुमची खोली नको. सतरा बिऱ्हाडं गेली. कोणी मला बरोबर चला म्हटलं नाही. मी आणि मशीन इथेच आहोत. उद्या आठवा दिवस.

या पत्रावर तारीख घातलेली नाही. तुम्हाला सोयीची पडेल ती घाला.

खोली क्रमांक नऊची भाडेकरू