फोल्डरवरून आपले नाव उतरवण्याबाबत

प्रति,
मा. कार्यालय प्रमुख बापाक डॉक्टर इंजिनियर राडेन सुर्योकुसुमो,
जिल्हा पाटबंधारे कार्यालय, तीर्तासारी, मध्य जावा.

विषय : पाणीपाळी प्रोग्रामच्या फोल्डरवरून आपले नाव उतरवणे व श्रीमती एंडांग पालुपी यांना कामावर परत घेणे.
संदर्भ : सभागृहात वाचला गेलेला माझाच अहवाल.

महोदय,

१. मी वारसितो प्रामोनो, आपल्या संगणक विभागाचा प्रमुख, हा अर्ज मान खाली घालून लिहीत आहे. यापूर्वी तीनदा लिहिला आणि फाडला.

२. कालव्याच्या पाणीपाळीचा प्रोग्राम माझ्या विभागातील श्रीमती पालुपी यांनी लिहिला. त्यांच्याकडे तो एकाच शब्दाचे नाव असलेल्या फोल्डरात होता आणि त्याची जुळणी होऊन तो बिनतक्रार तयार होत होता. आपण पाहणीला येणार असे कळताच मी फोल्डरचे नाव बदलून 'बापाक डॉक्टर इंजिनियर राडेन सुर्योकुसुमो यांची मार्गदर्शक कालवा योजना' असे ठेवले. त्यात आदर किती आणि बढतीची आशा किती, हे आपणांस सांगणे न लगे.

३. आपल्यासमोर प्रोग्राम तयार होईना. पडद्यावर 'बापाक नावाचे काही सापडले नाही' असे आले, तेव्हा सभागृहात उठलेले खोकले आपण ऐकले असतील. आता समजले ते असे, की प्रोग्रामची जुळणी करणारी यंत्रणा फोल्डरचा पत्ता वाचताना पहिल्या मोकळ्या जागेपाशी पत्ता संपला असे धरते. 'बापाक' या आदरार्थी शब्दापुढचा सगळा मानमरातब तिच्या हिशेबी नव्हताच. विभागप्रमुखाला हे ठाऊक असायला हवे होते.

४. शेजारी उभ्या श्रीमती पालुपी मला थोरल्या भावासारखे 'मास' म्हणतात; त्या हळूच म्हणाल्या, "मास, पोराला नाव जड झालंय बहुतेक. आपल्यात पोर सारखं आजारी पडलं की हलकं नाव ठेवतात ना? तसं करून बघू या?"
मी सर्वांदेखत खेकसलो, "हे कार्यालय आहे, बारसं नाही!" आणि अहवालात लिहिले की, सदर कर्मचारी बिघाडाचे कारण अंधश्रद्धेत शोधतात. त्यावरून आपण त्यांना कामावरून कमी केले.

५. नंतर मी यंत्रणा नव्याने बसवली, वायरी तपासून घेतल्या, नवा संगणक मागवला. कार्यालयातील प्रत्येक संगणकावर प्रोग्राम उतरवून पाहिला. आदरात उणे नको म्हणून प्रत्येक ठिकाणी आपले पूर्ण नाव घालून. नावाला अवतरणचिन्हे लावली तेव्हा गाडी एक पायरी पुढे सरकली आणि आतल्या दुसऱ्या पायरीवर अडली. शेवटी घरच्या संगणकावर घाईत तो माझ्या मांजराच्या फोटोंमध्ये उतरवला गेला. त्या फोल्डरचे नाव नुसते 'मांजर'. तिथे प्रोग्राम पहिल्या फटक्यात तयार झाला. महोदय, मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे वाटले.

६. मी श्रीमती पालुपी यांच्या घरी गेलो. त्या घराशेजारी आपल्या मावशीच्या टपरीवर सोयाबीनच्या टेम्पेच्या वड्या तळत होत्या. मी विचारले, "तेव्हाच स्पष्ट का नाही सांगितलंत?"
"सगळ्यांपुढे? मास, नाव साहेबांचं, ठेवलेलं तुम्ही. चुकलं असं तोंडावर कसं म्हणायचं? म्हणून तर पोराची गोष्ट काढली. मला वाटलं, तुम्हाला कळेल."
मी जावाचाच, महोदय. मला कळायला हवे होते.
निघताना त्या म्हणाल्या, "साहेबांना काही लिहू नका हं. चारचौघांत तुमची शोभा होईल." नोकरी त्यांची गेली, आणि काळजी माझ्या अब्रूची.

७. तरी विनंती की, फोल्डरला पूर्वीचे एका शब्दाचे नाव देण्याची परवानगी द्यावी. श्रीमती पालुपी यांना सन्मानाने परत बोलवावे. जागा एकच असल्यास माझी द्यावी. माझा अहवाल ज्या सभागृहात वाचला गेला, तिथेच हा अर्ज मला मोठ्याने वाचू द्यावा.

आपला ओशाळलेला,
वारसितो प्रामोनो
दिनांक : २० ऑगस्ट २०१९

सोबत : नाव बदलताना वाटतात ती लाल-पांढरी खीर, एक वाटी. मला करता येत नाही. "लिहिणारच असाल तर रिकाम्या हाताने जाऊ नका," असे म्हणून श्रीमती पालुपी यांनीच करून दिली.