टाकीवरून मोजलेली घरं

३ मार्च

नोकरी लागली! मला! सातवीत शाळेला रामराम ठोकलेल्या, तीन वर्षं ट्रकमागून, होडीतून, पायी गावोगाव हिंडलेल्या मला – सरकारी नोकरी! पुनर्बांधणी खातं. पद: मोजणीदार. म्हणजे हिंडायचं आणि घरं मोजायची. हिंडण्याचे पैसे मिळतात हे आधी कुणी सांगितलं असतं तर!

ऑफिस सिनेमा थिएटरात आहे, कारण शहरात एवढं मोठं धड छप्पर दुसरं उरलेलंच नाही. पडद्यावर शहराचा नकाशा टांगलाय. कारकून मांडीवर फळी घेऊन प्रेक्षकांच्या खुर्च्यांत बसतात. हेडक्लार्क बाल्कनीत. त्यांना सगळे ‘शिक्के’ म्हणतात – कागद दिसला की शिक्का मारतात म्हणून. मला विचारलं, “अक्षर कसं आहे?” म्हटलं, “पळतं.” म्हणाले, “मग धरून ठेवा.”

वहिनीला सांगितलं. “भिंगरीला नोकरी? किती दिवस?” बघच म्हणावं!

५ मार्च

मोजणी कशी करतात ते कळलं. गल्ल्या ढिगाऱ्यांनी भरल्यात, आत शिरता येत नाही. म्हणून पाण्याच्या टाकीवर चढायचं – एकशेचाळीस पायऱ्या! – आणि दुर्बिणीतून छपरं मोजायची. एक छप्पर म्हणजे एक घर. घरामागे पाच माणसं धरायची. नळ कुठे, शाळा कुठे, दवाखाना कुठे, सगळं त्यावर ठरतं.

दुर्बीण भारी चीज आहे. भर रस्त्यात पियानो पडलाय, त्यावर एक शेळी उभी होती. बघत बसले. शिक्के खालून ओरडले तेव्हा कळलं, तास गेला.

७ मार्च

पडद्यावरचा नकाशा आज नीट वाचला.

आमची खालची वस्ती – जिथे वहिनी आणि बाबा तळघरात राहतात, आणि गेला महिनाभर मीही – तिथे राखाडी रंग. राखाडी म्हणजे ‘निर्मनुष्य’. त्यावर लाल पेन्सिलीने: ट्रक डेपो, सपाटीकरण १ एप्रिलपासून.

निर्मनुष्य! आज सकाळीच वहिनी शेजारणीशी बादलीवरून भांडली, ते कोण होतं मग?

कारण अगदी साधं. वस्तीत एकही छप्पर उरलेलं नाही. सगळे तळघरांत. टाकीवरून बघणाऱ्याला नुसत्या विटा दिसतात. त्याने मोजलं बरोबर, पण आम्ही सगळे शून्य!

शिक्क्यांकडे धावले. “छप्पर नाही तर घर नाही. नमुन्यात तळघराचा रकानाच नाही.”

“पण मी राहते ना तिथे!”

“तुम्ही नमुन्यात बसत नाही.”

८ मार्च

वहिनीला सांगितलं. वाटलं, रडेल. छे!

“मी इथून हलणार नाही. हे परत आले तर कुठे येतील? इथेच ना? इथे ट्रक उभे केले तर काय ट्रकला विचारतील, माझी बायको कुठाय?”

बाबा कोपऱ्यातून म्हणाले, “विचारेलही. लढाईआधी बस चालवायचा, गाड्यांशीच जास्त बोलायचा.”

दोघं हसली. मला हसता आलं नाही.

लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय. माझ्या थैलीत, स्वेटरच्या घडीत एक चिठ्ठी आहे. फौजी कचेरीने दिलेली, घरच्यांना पोचवा म्हणून. दादाचं नाव, नंबर आणि खाली छापील ओळ – ‘बेपत्ता. मृत समजावे.’ तीच द्यायला मी इथे आले. महिना झाला. रोज ठरवते, आज देते. मग वहिनी ताटं मांडते – चार! – आणि मी चिठ्ठी परत घडीत सरकवते.

११ मार्च

नकाशेबाईंना गाठलं. सगळी योजना यांच्या हातची. कानावर लाल पेन्सिल, पायांत दोन वेगळ्या जोड्यांतले बूट. मी सगळं एका दमात बोलले, शेळीपासून.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “समितीपुढे मी कुणाची दया मांडू शकत नाही. छपरं मांडू शकते. गुरुवारी दहाला फेरमोजणी. मी स्वतः चढेन.”

“पण बाई, छपरं नाहीतच!”

“छप्पर कशाचं असावं, हे नमुन्यात कुठेही लिहिलेलं नाही.” पेन्सिल काढून परत कानावर. “नमुना मीच केलाय.”

घरापर्यंत पळत आले. मध्ये कुठेही थांबले नाही. शेळी होती, तरी!

१२ मार्च

हात सोलून निघालेत, तरी लिहिते. छपरांसाठी काय काय निघालं वस्तीतून! न्हाव्याने दुकानाची पाटी आणली. मास्तरांनी फळा – त्यावर अजून अर्धा भागाकार. कुणी होडी उलटी घातली. बादलीवाल्या शेजारणीने दोन कपाटांच्या पाठी आणल्या, एक आम्हाला दिली, आणि वर म्हणाली, “बादलीचं मी विसरलेले नाही हं!”

एक पाठ पुरेना. वहिनीने दाराकडे बघितलं.

आमचं दार नुसतं चौकटीत उभं आहे, भोवती भिंती नाहीत. तरी वहिनी बाहेर जाताना रोज कुलूप लावते! दादाने ते बसच्या उरलेल्या रंगाने रंगवलेलं. असलं पिवळं की डोळे दिपतात. वहिनी तेव्हा आठवडाभर बोलत नव्हती त्याच्याशी.

“काढा,” म्हणाली.

“अगं, पण दादा –”

“येतील तेव्हा ठोठावायला दार नसेल, एवढंच ना? हाक मारतील.”

बिजागऱ्या काढल्या. तळघरावर आडवं टाकलं. वहिनीने वरून हात फिरवला आणि कुलूप खिशात ठेवलं.

१३ मार्च

जिंकलो! जिंकलो! जिंकलो!

टाकीवर नकाशेबाई, मी आणि धापा टाकणारे शिक्के. शिक्क्यांनी दुर्बीण लावली. “एक... दोन... हे काय आहे?”

“छप्पर.”

“ही उलटी होडी आहे!”

“सुलटी असती तर होडी होती,” नकाशेबाई म्हणाल्या. “लिहा.”

दोनशे चौदा! ठीक दहाला प्रत्येक छपराखालून माणसं बाहेर आली (ही वहिनीची आयडिया) आणि चादरी, शर्ट, झाडू, जे हाती लागलं ते हलवायला लागली. शिक्क्यांची दुर्बीण खाली आली. म्हणाले, “पाचच्या हिशेबाने एक हजार सत्तर. पण मला जास्त दिसतायत.” आणि तिथेच, गुडघ्यावर कागद ठेवून, शिक्का मारला!

संध्याकाळी समितीने मान्य केलं. डेपो घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर. शिडी लावून पडद्यावरचा राखाडी रंग माझ्याकडून खोडून घेतला. मागून कुणीतरी शिट्टी मारली. शेवटी थिएटरच ते!

१६ मार्च

घरोघर नमुने भरले. आमच्या घराचा मीच भरला. रकाना – ‘राहणारे’.

“चार,” वहिनी म्हणाली.

मी तीन लिहिलं. आणि थैलीतून चिठ्ठी काढून तिच्यापुढे ठेवली. आता तोंड चुकवणं जमेना.

तिने वाचली. दोनदा. बाबा भिंतीकडे बघत होते. मला वाटलं, आता मला घालवून देणार. तिने चिठ्ठी घडी करून मला परत दिली.

“हेही टाकीवरूनच मोजलेलं दिसतंय,” म्हणाली. आणि ताटं मांडली. चार.

२९ मार्च

नळाला पाणी!! शेजारणीने बादली परत केली. वर नवीही मागितली.

१ एप्रिल

ट्रक आले नाहीत. महिना पुरा झाला नोकरीला. वहिनी म्हणते, “भिंगरी, थैली कधी भरतेस?” भरीन की. आधी शाळेची जागा आखायची आहे.

४ एप्रिल

दादा आला. दाढी, एक कान निम्मा, पण आख्खा! पुलावरून पिवळं दिसलं म्हणे. “म्हटलं, माझं दार आभाळाकडे कुणी उघडलं?” वहिनी एवढंच म्हणाली, “पाय पुसून या.” आणि ताटं मांडायला वळली.

मी नमुना काढला. तीनचे चार केले. शिक्के म्हणतात, खाडाखोड चालत नाही. चालेल!